कडक मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना, बुधवारची कॉटेज प्रार्थना (कुणाच्या तरी घरी भरणारी), शुक्रवारचा उपवास, महिन्याकाठी एक रात्रभराची जागरण प्रार्थना. मुंबईत, आणि कल्याण-विरारपर्यंत, अनेक मराठी ख्रिस्ती घरांतली मुलं या वेळापत्रकात वाढली. त्यात सिनेमा ‘जगिक’, म्हणजे ऐहिक असायचा, टिकली पाप, शेजारचा फराळ मूर्तीला दाखवलेला, आणि शंका आली की ती सैतानाची. अशा घरांतून मोठ्या झालेल्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. हे पान ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध नाही. भीती घालून मूल वाढवण्याच्या पद्धतीविरुद्ध मात्र नक्कीच आहे.

मला जे होतंय त्याला काही नाव आहे का?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्लीन विनेल यांनी २०११ मध्ये ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ हा शब्द वापरात आणला. दडपशाहीच्या धार्मिक वातावरणात वाढल्याने आणि त्यातून बाहेर पडताना होणाऱ्या त्रासाला त्यांनी हे नाव दिलं. डॉक्टर ज्या निदान-सूची वापरतात त्यांत मात्र हा वेगळा आजार म्हणून नाही. म्हणून ओपीडीत गेल्यावर नाव सांगण्यापेक्षा लक्षणं सांगा: किती वाजता जाग येते, आठवड्यातून किती वेळा छाती धडधडते, कोणता विचार दिवसभर हटत नाही, काय टाळता. त्यावरून चिंताविकार, नैराश्य, ओसीडी (नको असलेले विचार आणि ते शमवायला त्याच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार) किंवा आघातानंतरचा ताण यांपैकी काय आहे ते ठरतं, आणि या सगळ्यांवर उपचार आहेत.

बरं व्हायचं तर देव सोडावा लागेल का?

नाही. आधी भीती उतरू द्या, श्रद्धेचं मग ठरवा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. घाबरलेल्या अवस्थेत घेतलेला निर्णय टिकत नाही. कुणी रागात बायबल फेकतं आणि तीन महिन्यांनी रात्री रडत पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, फोन लावतं. कुणी भीतीपोटी आणखी दोन उपवास धरतं. दोन्हीकडे गाडी भीतीच चालवत असते. क्रम असा ठेवा: पहिली झोप आणि शरीर, मग पैसा आणि राहण्याची जागा, मग घरच्यांशी बोलणं, आणि सगळ्यात शेवटी ‘मी काय मानतो?’. हा शेवटचा प्रश्न वर्षभर उघडा राहिला तरी चालतो.

प्रश्न विचारणं म्हणजे मागे पडणं, असं तुम्हाला शिकवलेलं असेल. मराठी ख्रिस्ती परंपरा तसं सांगत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतरही कोणती शिकवण मान्य करायची हे त्यांनी मठातल्या भगिनींशी पत्रांतून कडकडून वाद घालत स्वतःच तपासलं. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. दोघेही शेवटपर्यंत ख्रिस्ताचेच राहिले.

पहाटे जाग येते, घर शांत असतं, आणि ‘सगळे उचलले गेले, मीच मागे राहिलो’ असं वाटतं. अजूनही. मी छत्तीस वर्षांचा आहे.

लहानपणी रॅप्चरच्या, म्हणजे विश्वासी अचानक स्वर्गात उचलले जाण्याच्या, गोष्टी ऐकलेल्यांमध्ये हे फार आढळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘आई एका क्षणात नाहीशी होईल’ असं वारंवार सांगितलं की रिकामं घर हाच त्याच्या शरीरासाठी धोक्याचा इशारा होतो. डोक्याने तुम्ही मोठे झालात, पण तो इशारा जिथल्या तिथेच राहिला.

आधी थोडा इतिहास, कारण या शिकवणीचं वय कळलं की तिची पकड जरा सैल होते. विश्वासी गुपचूप उचलले जातील आणि बाकीचे संकटकाळात मागे राहतील, ही मांडणी १८३० च्या दशकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी पसरवली आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसहित बायबलने ती घरोघरी नेली. कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या ती शिकवत नाहीत. ख्रिस्त परत येण्याच्या तारखाही चुकत आल्या आहेत. अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली, हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली. तेही बायबलमधल्या मत्तय २४:३६ मध्ये तो दिवस कुणालाच ठाऊक नाही असं स्पष्ट म्हटलेलं असताना.

पण पहाटे चार वाजता इतिहास उपयोगी पडत नाही. तेव्हा हे करा. दोन्ही तळपाय फरशीवर टेकवा. आजची तारीख आणि आपलं वय मोठ्याने म्हणा. चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत सोडा, असं पाच मिनिटं. सोडण्याचा वेळ जास्त हवा, कारण धडधड त्यानेच कमी होते. मग ऐकू येणारे तीन आवाज ओळखा: पंखा, नळाला आलेलं पाणी, पहिली लोकल.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. उठून आईच्या खोलीत डोकावणं, बहिणीचं ‘लास्ट सीन’ बघणं, मंडळीतल्या कुणा ‘पक्क्या’ विश्वासीला मिस कॉल देणं. त्याने दोन मिनिटांत बरं वाटतं, आणि म्हणूनच भीती टिकते. मेंदू शिकतो की तपासलं म्हणून वाचलो. पहिल्या आठवड्यात तपासणं दहा मिनिटं पुढे ढकला, दुसऱ्यात वीस, मग सोडून द्या. सुरुवातीला भीती आधीपेक्षा वाढते. ती वाढणं अपेक्षितच आहे, तिथे थांबू नका.

पवित्र आत्म्याविरुद्ध मनात घाणेरडे शब्द येतात. मी अक्षम्य पाप केलं का?

हा विचार दिवसातून अनेकदा येत असेल, तो आल्यावर तुम्ही ‘येशूच्या रक्ताखाली झाकतो’ असं पुटपुटत असाल, तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करत असाल किंवा पाळकाला ‘माझं तारण (पापातून सुटका) गेलं नाही ना?’ असं विचारत असाल, तर हा बहुधा ओसीडीचा धार्मिक प्रकार आहे. प्रोटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात तासन् तास पापकबुली देत बसत, आणि बाहेर पडल्यावर राहिलेलं एखादं पाप आठवून परत जात. ज्याला देवाची फिकीर नाही त्याला असे विचार छळत नाहीत. ओसीडी माणसाला जे सर्वांत प्रिय असतं तिथेच चिमटा काढतो.

या पापाचा उल्लेख जिथे येतो तो मत्तय १२ मधला प्रसंगही नीट वाचा. परूशी लोक (त्या काळचे कर्मठ यहुदी) येशूने समोर बरा केलेला माणूस पाहूनही हे बालजबूलचं, म्हणजे सैतानाचं काम आहे असं जाहीरपणे, ठरवून म्हणतात. नको असताना डोक्यात येऊन गेलेल्या शब्दाची ती गोष्ट नाही.

उपचाराचं नाव ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’. साधारण १२ ते २० बैठका लागतात. भीती वाटणाऱ्या गोष्टींची ० ते १० अशी शिडी करायची, तळच्या पायरीपासून रोज एक गोष्ट करायची, आणि त्यानंतरची ‘झाकण्याची’ प्रार्थना करायची नाही. उदाहरणार्थ, तीनवर ‘जेवणाआधीची प्रार्थना एकदाच म्हणणं, अडखळलो तरी पुन्हा नाही’. पाचवर ‘रात्री पापकबुली न देता झोपणं’. आठवर ‘कदाचित माझं तारण झालं नसेल’ हे वाक्य कागदावर लिहून दहा मिनिटं समोर ठेवणं. भीती आपोआप उतरेपर्यंत बसायचं. निंदा करायला कुणीही लावता कामा नये. श्रद्धा कायम असलेल्या माणसाची शिडी त्याच्या श्रद्धेला न दुखवताही बांधता येते, हे थेरपिस्टला स्पष्ट सांगा. डॉक्टरांनी एसएसआरआय (नैराश्य आणि चिंतेवरच्या) गटातली गोळी दिली तर ओसीडीत तिचा डोस नैराश्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे खूप आहेत.

मंडळीत ‘गोळ्या म्हणजे अविश्वास’ म्हणतात. बंद करू का?

नाही. नैराश्याच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो. लोक त्याला ‘सैतानाचा हल्ला’ समजतात. तो गोळी एकदम सोडल्याचा परिणाम असतो. बंद करायची असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. फिट्सची गोळी आणि इन्सुलिन बंद केल्यास जिवावर बेतू शकतं.

‘अशुद्ध आत्मा’ काढायचा म्हणून मला धरून मारलं. हा गुन्हा आहे का?

हो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर महाराष्ट्रात आलेला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुसत्या प्रार्थनेला, डोक्यावर हात ठेवण्याला हा कायदा लागत नाही. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान नसलेले धार्मिक विधी त्यातून वगळले आहेत. मार लागला असेल तर आधी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जाऊन जखमांची नोंद करून घ्या, फोटो काढा, मग पोलीस ठाण्यात जा. अंगावरचे वळ उतरले की पुरावाही जातो. सध्या एखादं मूल अशा प्रकारात अडकलं असेल तर मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला, १०९८ वर, फोन करा.

चांगला समुपदेशक कसा ओळखायचा?

केईएम, नायर, सायन आणि जे. जे. रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. केसपेपरचा खर्च नाममात्र, गर्दी मोठी, त्यामुळे सकाळी लवकर जा. खाजगीत एका बैठकीचे हजार ते तीन हजार रुपये सहज होतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरबसल्या बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मनात जीव द्यायचे विचार असतील तर पान इथेच थांबवून तो क्रमांक लावा.

पहिल्याच भेटीत विचारा: तुम्ही कुठल्या मंडळीशी जोडलेले आहात का? मी पुन्हा मंडळीत गेलो किंवा कधीच गेलो नाही, दोन्ही तुम्हाला चालेल का? माझ्या घरच्यांनी फोन केला तर काय सांगाल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. बैठकीत पाळकाचा सल्ला घ्या म्हणणारा, आणि उलट ‘सगळे धर्म थोतांड, सोडून द्या’ म्हणून विषय संपवणारा, दोघेही टाळा.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. फोनवर थेरपी करू कुठे?

चालता चालता. चाळीस मिनिटं इअरफोन लावून फिरणाऱ्या माणसाकडे मुंबईत कुणी बघत नाही. मैदान किंवा दुपारच्या वेळची रिकामी बाग बरी पडते. लोकलमध्ये नको, नेटवर्क तुटतं आणि शेजारी ऐकतो. वही घरात ठेवायची नसेल तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.

आईबाबांना सांगू का? आई उपवास धरेल.

धरेल, बहुधा. तिच्या हिशोबात तिचं लेकरू अग्नीच्या सरोवराकडे निघालंय, त्यामुळे तिची घालमेल खरी आहे. हे समजून घ्या, पण त्यासाठी स्वतःचा बळी देऊ नका.

अवलंबून असाल, म्हणजे फी ते भरतात किंवा डोक्यावरचं छप्पर त्यांचं आहे, तर आज सांगू नका. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आधी स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा, संयुक्त नको. आधार, पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला यांच्या मूळ प्रती ताब्यात घ्या. सिमकार्ड स्वतःच्या नावावर करा. तीन महिन्यांचा खर्च आणि खोलीचं डिपॉझिट बाजूला पडलं की मग बोला.

बोलताना तीन गोष्टी बिघडवतात. पहिली, शास्त्रवचनावर वाद घालणं. ते चाळीस वर्षं वाचताहेत, तिथे कुणी जिंकत नाही. दुसरी, सगळं एकाच संध्याकाळी ओतणं. तिसरी, संतापात ‘तुम्ही माझं बालपण नासवलं’ म्हणणं. ते खरं असलं तरी त्या दिवशी ते ऐकू जाणार नाही. आम्ही सुचवतो ते वाक्य लहान आहे: ‘आई, रविवारी मी उपासनेला येणार नाही. दुपारी जेवायला येईन.’ त्यात नकार आहे आणि नातंही आहे. ‘का?’ विचारलं तर ‘मला आत्ता त्यावर बोलायचं नाही’. दुसऱ्या रविवारी तेच वाक्य, त्याच आवाजात. पाचव्या-सहाव्या रविवारपर्यंत जोर ओसरतो. मधल्या काळात पाळक, मामा, युथ लीडर घरी येतील. भेटायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आणि भेटलात तर अर्धा तास ठरवून घ्या, डोळे मिटून गुडघे टेकायला नकार द्यायची मुभा स्वतःला द्या.

दशांश थांबवला तर शाप लागेल का?

दशांश न देणाऱ्याला शाप, हा बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला इशारा मंदिराच्या कोठारात धान्य आणणाऱ्या इस्राएलासाठी होता. पगारावर दरमहा दहा टक्के यूपीआयने जात असतील तर ॲपमधल्या ऑटोपेत जाऊन मॅन्डेट रद्द करा, बँक खात्यातून थेट कापले जात असतील तर शाखेत लेखी अर्ज द्या. तीच रक्कम सहा महिने वेगळ्या खात्यात साठवा. काही वाईट घडलं नाही हे तुम्हाला दिसेल, आणि डिपॉझिटची सोयही होईल.

गणपतीत कुणी मोदक दिला तर हात थरथरतो.

इथेही शिडीच लागते. पहिल्या दिवशी मंडपासमोरून न घाबरता चालत जा, नंतर दोन मिनिटं उभे राहा, मग शेजारणीच्या घरी बसा, मग नैवेद्याला न लावलेली करंजी खा. मोदक सगळ्यात शेवटी, आणि नाही खाल्ला तरी काही अडत नाही. खाणं ही परीक्षा नाही, भीतीशिवाय ‘नको’ म्हणता येणं हीसुद्धा बरं झाल्याचीच खूण आहे. गंमत म्हणजे मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न करिंथच्या मंडळीलाही पडला होता, आणि पौलाचं उत्तर आपल्या पाळकांच्या उत्तरापेक्षा बरंच मोकळं आहे: १ करिंथ ८ आणि १० वाचा.

लग्न झालंय, पण शरीराची लाज जात नाही.

वीस वर्षं ‘वासना, मोह, अशुद्धता’ ऐकल्यावर नोंदणीच्या सहीने शरीर एका रात्रीत मोकळं होत नाही. बायकांमध्ये योनीचे स्नायू आपोआप आवळून संबंध अशक्य होणं किंवा फार दुखणं हे दिसतं. त्याला व्हजायनिस्मस म्हणतात, आणि तो बरा होतो: स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, आणि काही आठवडे संबंध पूर्ण बाजूला ठेवून फक्त स्पर्शापासून सुरुवात. जोर लावल्याने वाढतो. नवऱ्याला बैठकीला सोबत न्या.

समलिंगी असाल आणि ‘सुटकेची प्रार्थना’ किंवा ‘बरं करणारी’ थेरपी सुचवली जात असेल, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘कन्व्हर्जन थेरपी’ला डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९० च्या दशकापासून काम करतो, तिथे जाता येतं.

मंडळीबाहेर लग्न करायचं आहे.

विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. नोटीस कार्यालयात लावली जाते, त्यामुळे घरी बातमी पोचू शकते, याची आधीच तयारी ठेवा.

माझी कहाणी बोललो की लोक म्हणतात, ‘बघा, धर्मांतरवाले असेच.’ मग गप्प बसू?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जड जातो. तुमचं दुखणं खरं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातातली काठी होऊ नये ही तुमची काळजीही खरी आहे. बोला, पण कुणापुढे ते निवडा. विशिष्ट वागणुकीबद्दल बोला: मला अमुक वयात मारलं, अमुक सांगून घाबरवलं. ‘ख्रिस्ती असेच’ हे वाक्य कुणी तुमच्या तोंडी घातलं तर तिथेच थांबवा. कॅमेरा आणि माइक घेऊन आलेल्यांना पहिल्या वर्षात नाहीच म्हणा, तेव्हा जखम ओली असते.

‘घरवापसी’चा, म्हणजे हिंदू धर्मात परतण्याचा, कार्यक्रम करून लगेच जातीचा दाखला मिळेल असं सांगणारेही भेटतात. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. परतलेल्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तीन गोष्टींचा पुरावा मागितला: मूळ जात, खरं पुनरागमन आणि त्या समाजाने केलेला स्वीकार. एका समारंभाने हे होत नाही. वकिलाला विचारल्याशिवाय कशावरही सही नको.

सभासदत्व सोडलं तर मयताला कोण उभं राहील?

वयस्कांचा हा पहिला प्रश्न असतो, आणि पाळकही तो ओळखून असतात. ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचं तर सहसा पाळकाची चिठ्ठी मागतात. म्हणून रागात राजीनामा देण्याची घाई करू नका. न जाणं वेगळं आणि नाव काढणं वेगळं, आणि न जाण्यासाठी कुठल्याही कागदाची गरज नसते. दुसऱ्या, मोकळ्या मंडळीत नाव घालणं हाही मार्ग आहे. पालिकेच्या स्मशानभूमीत डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि ओळखपत्र लागतं. देहदानाची इच्छा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात जिवंतपणी अर्ज भरून ठेवा आणि घरच्यांना सांगा, कारण ऐन वेळी निर्णय तेच घेतात.

गाण्यांची फार आठवण येते.

येणारच. ती तुमचीच आहेत. कीबोर्डच्या त्या संथ सुरांनी पोटात गोळा येत असेल तर काही महिने ती चाल टाळा. ना. वा. टिळकांची अभंगवजा भजनं पेटी-टाळांवर म्हटलेली ऐका, अनेकांना ती भीतीशिवाय ऐकता येतात. आणि दर आठवड्याला त्याच माणसांना त्याच वेळी भेटण्याची जागा नव्याने शोधा: गायनवर्ग, ट्रेकिंगचा गट, वाचनालय. आजारपणात डबा आणून देणारी माणसं मंडळीने दिली होती, ती उणीव सहा महिन्यांत भरत नाही.

आजी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला संडे स्कूलला नेते. ती नरकाबद्दल विचारते.

मुलीला लगेच आणि साधं सांगा: ‘काही लोक असं मानतात. मी नाही मानत. तुझ्यावर कुणी रागावून तुला आगीत टाकणार नाही.’ पाच वर्षांच्या मुलाला ‘मोठी झालीस की ठरव’ हे पुरत नाही, त्याला रात्री झोपण्यापुरतं पक्कं उत्तर हवं असतं. आजीला तीन गोष्टी ठरवून द्या: नरक नाही, सैतान नाही, छडी नाही. नोहाचं तारू आणि नाताळची गाणी चालतील. हे मोडलं तर रविवार सकाळ बंद, आणि आजीची भेट शनिवारी संध्याकाळी, तुमच्या घरी.